दोन वाजताची हाक

माझा एक कोपरा फुटलेला आहे, पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे आणि अंगाला घड्याळाच्या तेलाचा वास येतो. असा मोबाइल तुम्ही दुकानाच्या काचेत कधी पाहिला नसेल, मित्रांनो. पण हा जुना मोबाइल अजून ठणठणीत आहे, आणि रोज दुपारी दोनला एका दुकानातली दोन माणसं माझ्या एका हाकेवर हातातलं काम खाली ठेवतात. ते कसं, हे सांगायला मी इतका उतावीळ झालोय की कुठून सुरू करू तेच कळत नाही. बरं, पहिल्यापासूनच सांगतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही सापडायची नाही. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसली, मला उजेडाकडे धरलं, मान डोलावली आणि खोक्यात ठेवलं. आमची ओळख तेवढीच. पण ते मान डोलावणं मला अजून आठवतं. आपण बरे जमलो आहोत, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

मला विकत घेतलं एका क्रेनवालीने. ती बंदरावर, चार-पाच मजली उंचीवरच्या केबिनमध्ये बसून जहाजांवरचे कंटेनर उचलायची. आणि खरं सांगू का? मी म्हणजे नुसता डबा. सगळी करामत माझ्या पोटातल्या मंडळींची, म्हणजे अ‍ॅप्सची. वाऱ्याचं अ‍ॅप पहाटेच सांगून टाकायचं, आज वारा जोरात आहे, क्रेन दुपारपर्यंत बंद राहील. पाळ्यांचं अ‍ॅप तिला कधी जायचं ते सांगायचं, बसचं अ‍ॅप कशाने जायचं ते सांगायचं. नकाशावालं तर फार गुणी. ती दहा वेळा चुकली तरी न चिडता अकराव्यांदा नवा रस्ता काढून द्यायचं. मैत्रिणी म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाई, तुझं काही राहूनच जात नाही." ती मला थोपटायची आणि मी आतून फुगायचो.

चार वर्षं अशी गेली. मग एक दिवस तिच्या हातून निसटलो, कोपऱ्यावर आपटलो आणि तिने नवा मोबाइल घेतला. मी कपाटाच्या खणात गेलो, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलच्या शेजारी. सात महिने माझी कोणी विचारपूस केली नाही. आपलं काम संपलं असं धरून मी पडून होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग एका सकाळी खण उघडला. क्रेनवालीने मला चार्जिंगला लावलं, पोटातली निम्मी मंडळी काढून टाकली आणि एक नवं अ‍ॅप आत आणलं, औषधांची वेळ सांगणारं. "चल," ती म्हणाली, "तुला आता आईकडे पाठवते."

तिचे बाबा घड्याळजी आणि आई रफूवाली. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली आणि तिला दोन खिडक्या. एकीपाशी बाबा डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे. दुसरीपाशी आई फाटक्या कपड्याचाच धागा काढून भोक असं भरायची, की फाटलं कुठे होतं ते मालकालाही शोधून सापडू नये. वर राहायच्या खोल्या, मध्ये लाकडी जिना. पण मी आलो तेव्हा आईची खिडकी बंद होती.

तिच्या डाव्या डोळ्यावर मागच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. बुबुळावरची पातळ चकती बदलली होती. नंतर दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, आणि ते बाबांकडून पुन्हा पुन्हा राहिले. तो डोळा हातचा गेला. आता त्याला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. यंदा तीच शस्त्रक्रिया उजव्या डोळ्यावर झाली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पहिले दोन आठवडे एकही वेळ चुकवायची नाही. मागचं लक्षात आहे ना?" बाबा खाली मान घालून उभे होते, असं क्रेनवालीला मैत्रिणीशी बोलताना मी ऐकलं. हा डोळाही गेला तर रफू संपलं, खिडकी संपली, आणि बाबांचा चेहराही तिला पुन्हा दिसणार नव्हता.

तुम्ही म्हणाल, घड्याळजी आणि वेळ विसरतो? अहो, तीच तर गंमत! दुकानात चाळीस घड्याळं, पण सगळी दुरुस्तीला आलेली. एकात साडेनऊ, दुसऱ्यात सव्वासहा, तिसरं उलटंच फिरतंय. खरी वेळ सांगेल असं एक नाही. शिवाय दर पाच मिनिटांनी कुठलं ना कुठलं घड्याळ टोले देणार. चाळीस वर्षं त्या टोल्यांत बसून बाबांचे कान घंटांना इतके सरावले होते, की कसलीही घंटा त्यांना ऐकूच यायची नाही.

पहिल्या दिवशी मी जीव तोडून वाजलो. टिणटिण केलं, सनई वाजवली, कोंबडा आरवला. बाबा ढिम्म. क्रेनवाली शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मला तोंडाजवळ धरलं आणि स्वतःच्या आवाजात तीन शब्द भरले. "बाबा, आईचे थेंब."

दोन तासांनी मी ती हाक मारली, आणि भिंग बाजूला झालं. "हो गं," म्हणून बाबा उठलेसुद्धा! वर आईनेही जिन्यातून आलेली हाक ऐकून उशीवर मान मागे टाकली होती. थेंब पडले. बाबांनी माझ्यावरचं 'झालं' असं लिहिलेलं हिरवं बटण दाबलं, आणि ते लगेच लेकीच्या मोबाइलवर दिसलं. मित्रांनो, त्या दिवशी मी इतका खूश झालो की कोपरा फुटल्याचंही विसरलो.

क्रेनवाली कामावर परत गेली, आणि आम्ही घर चालवू लागलो. वाचणारं अ‍ॅप आईला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. आई त्यालाही टोकायची, "अरे, श्वास तरी घे." यादीच्या अ‍ॅपमध्ये बाबा घरातलं काय संपलंय ते बोलायचे, आणि कोपऱ्यावरचा वाणी ते पोचवायचा. दवाखान्याचा नंबर घरबसल्या लागायचा. संध्याकाळी लेक माझ्या पडद्यावर यायची आणि म्हणायची, "आई, जरा जवळ ये, डोळा लाल आहे का बघू." बाबा आधी मला 'तो डबा' म्हणायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "लेकाचा कामाचा आहे हं."

आणि तिथेच घात झाला. कारण घड्याळजीचा एकदा का एखाद्या यंत्रावर जीव जडला, की तो त्याला तेल घालणारच.

पाचव्या दिवशी बाराचे थेंब झाले. बाबा मला कानाशी धरून म्हणाले, "लेकीचा आवाज जरा खरखरतोय." त्यांनी मला हिरव्या मखमलीवर पालथं घातलं, पाठ उघडली, मऊ कुंचल्याने धूळ काढली. हात इतका हलका की मला त्या कारखान्यातल्या बाईची आठवण झाली. मग त्यांनी सुईसारख्या सळईने माझ्या आवाजाच्या जाळीत तेलाचा एक थेंब सोडला. अगदी प्रेमाने. "आता कसा गुळगुळीत बोलशील," म्हणाले. पाठ नीट बसेना, म्हणून रबर लावलं. पडदा उजळला, ते समाधानाने हसले. तेवढ्यात एक बाई आपल्या वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन आल्या, आणि बाबा त्या घड्याळात बुडाले.

दोन वाजले. मी तोंड उघडलं. "बाबा, आईचे थेंब." काही नाही! आवाजच नाही! नुसती एक ओलसर फुसफुस, जी मला स्वतःलाही धड ऐकू आली नाही.

मला घामच फुटला असता, पण आमच्या जातीला तीही सोय नाही. वर आई हाकेची वाट बघत पडली असणार. हाक नाही, म्हणजे अजून दोन वाजले नाहीत, असं तिला वाटणार. खाली बाबांनाही तेच वाटणार. औषधांच्या अ‍ॅपने लेकीला निरोप धाडला, 'दोनचे थेंब राहिले'. पण ती चार वाजेपर्यंत क्रेनवर, आणि तिचा मोबाइल खाली कपाटात कुलूपबंद, कारण केबिनमध्ये मोबाइल न्यायला बंदी. म्हणजे आता जे काही करायचं ते मलाच.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, थरथर. दर पाच मिनिटांनी अ‍ॅप आठवण करणार आणि मी थरथरणार. पण मी पडलो होतो मखमलीवर. दोन पाचला थरथरलो, मखमलीने सगळं गिळून टाकलं. बाबांची मान हललीसुद्धा नाही. दोन दहाला थरथरलो आणि लक्षात आलं, अरे, आपण सरकतोय! तांदळाच्या दाण्याएवढं का होईना, सरकतोय. समोर मखमल संपत होती. पलीकडे लाकूड, आणि लाकडावर बाबांची काचेची बशी. त्या मनगटी घड्याळाचे सगळे स्क्रू आणि चाकं तिच्यात मोजून ठेवलेली.

चार्जिंग उरलं होतं अकरा टक्के. मी नकाशावाल्याला म्हटलं, झोप. वाऱ्यावाल्याला म्हटलं, झोप. सगळ्यांना झोपवलं आणि होतं नव्हतं ते बळ थरथरीत ओतलं. दोन पंधरा. माझा फुटका कोपरा लाकडावर आला. दोन वीस. बशी केसभर लांब. दोन पंचवीस, आणि टेकलो!

बशी वाजायला लागली. आतले स्क्रू नाचले, चाकं उड्या मारू लागली, एक स्क्रू तर काठावरून बाहेर पडला. घंटा ऐकू न येणाऱ्या बाबांना हा आवाज मात्र बरोबर ऐकू आला. आपल्या बशीतला स्क्रू हलला, तर घड्याळजी झोपेतूनही उठेल. ते दचकले, आणि चिमट्यातली केसाएवढी स्प्रिंग कुठे उडाली कोण जाणे.

"काय वैताग आहे," असं म्हणत त्यांनी मला उचललं, फेकायलाच बहुधा. मग पडद्यावरची अक्षरं वाचली. 'आईचे थेंब. दोनचे राहिले.' त्यांनी भिंतीकडे पाहिलं. चाळीस घड्याळं, चाळीस वेगवेगळ्या वेळा. पुन्हा माझ्याकडे पाहिलं, दोन सव्वीस. स्क्रू पायाखाली तुडवत, मला मुठीत धरून, ते गुडघेदुखी विसरून जिना चढले.

"आलात?" आई म्हणाली. "दोन वाजले का? लेकीची हाक काही आली नाही."

"हाक मीच बंद पाडली," बाबा म्हणाले. "तेल घातलं मी त्याला. अर्धा तास होत आला. मागच्यासारखंच केलं मी पुन्हा." त्यांच्या हातातली बाटली लटलटत होती. थेंब डोळ्यात कसला पडतो, गालावर पडला.

आईने चाचपडत त्यांचं मनगट पकडलं. "हात माझ्या कपाळावर टेकवा. रफू करताना मी पण टेकवते कुठेतरी, अधांतरी हात सगळ्यांचाच थरथरतो." त्यांनी हात टेकवला. "आणि मागच्यासारखं नाही हे," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही संध्याकाळी आला होतात. घाला आता."

थेंब बरोबर पडला. बाबांनी हिरवं बटण दाबलं आणि मला छातीशी धरलं. तेलाने माखलेला, चार टक्क्यांवर आलेला मी, पण त्यांचं काळीज धडधडताना मला कळत होतं. आजवर मी इतकी यंत्रं पाहिली, त्यातलं हे सगळ्यात चांगलं वाटलं मला.

चार वाजता जीव टांगणीला लागलेल्या लेकीचा फोन आला; नशीब, कानाशी बोलायची माझी जाळी वेगळी, तिला तेल लागलं नव्हतं. बाबांनी सगळं कबूल केलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मोबाइलला तेल घालत नाहीत."

"ते सांगितलं त्याने मला," बाबा म्हणाले.

त्यानंतरचे नऊ दिवस माझा मुक्काम काचेच्या बशीत, जुन्या स्क्रूंच्या गादीवर होता. मी थरथरलो की स्क्रू खणखणत, आणि बाबा पहिल्या खणखणाटाला उभे. एकही वेळ चुकली नाही. पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, पुन्हा तपासला, आणि म्हणाल्या, "हा डोळा राहिला." आई जिना उतरून खाली आली, आपली खिडकी उघडली, आणि सुईत दोरा ओवायच्या आधी बशीपाशी येऊन मला डोळे भरून पाहिलं. "अगंबाई," म्हणाली, "किती कळकट आहे हा." मित्रांनो, तेवढी शाबासकी मला जन्माला पुरेल.

पुढे दुरुस्तीवाल्याने माझा आवाज परत आणला. थेंब कमी होत होत दोनचेच उरले, मग तेही संपले. लेकीने विचारलं, "आता ती आठवण काढून टाकू ना?" दोघंही एकदम "नको" म्हणाले.

म्हणून एवढंच मागणं आहे. आम्हाला तेल घालू नका, आणि जुने झालो म्हणून खणात विसरूही नका. आम्ही हाक मारू शकतो, थरथरू शकतो, पार बशीपर्यंत सरकू शकतो. जिना मात्र आम्हाला चढता येत नाही. तो तुम्हालाच चढायचा आहे.

थांबा हं, दोन वाजले. "बाबा, आईचे थेंब." हे बघा, एका खिडकीत भिंग खाली आलं, दुसरीत सुई खाली आली. आता दोन मिनिटं दोघं खुर्च्यांना मान टेकून डोळे मिटून बसतील, डोळ्यांना तेवढीच विश्रांती. "हो गं," आज आधी आई म्हणाली.