बोटांतली फट

भगवानरावांना 'हो' म्हणताना आजवर कोणी ऐकलेलं नाही. फुलसावंगीत तर सांगतात, जन्मल्यावर दाईनं मध चाटवायला बोट पुढं केलं, तेव्हाही या माणसानं आधी हात आडवा धरला आणि मग दाईला कोपरापर्यंत चाटून काढलं.

आमच्याकडे रीतच तशी आहे. पाहुण्यानं ताटावर हात धरून 'नको, नको' म्हणायचं आणि यजमानानं गळ्याची शपथ घालून वाढायचं. वाढणारा पाहुण्याच्या तोंडाकडे पाहतच नाही, बोटांकडे पाहतो. बोटं चिकटलेली असली तर पोट खरंच भरलं. बोटांत फट असली तर वाढत राहा. भगवानरावांच्या फटीतून शेळीचं पिल्लू आरपार जाईल.

असा माणूस माझ्या नातीचा, सुरभीचा, सासरा व्हायचा होता. सुरभी आणि त्यांचा नयन यवतमाळला एकाच कॉलेजात शिकले, दोघांचं आपसात ठरलं. राहिला होता तो फक्त भगवानरावांचा होकार, आणि तो तर त्यांच्यापाशी जन्मापासून नव्हता.

सुरभीचे आईबाप नोकरीपायी हैदराबादला, म्हणून पाहुणचार माझ्या गळ्यात. घरीच रांधू म्हटलं, तर पोरगी उसळली.

"नाई, आबाजी. घरी बोलावलं की पोरीले पोह्याच्या बशीसंगं मांडून ठेवते सारे. दिग्रसले नवं फ्यूजन हॉटेल झालं, तिथंच भेटू."

हॉटेल एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात. एसी असा, की भगवानरावांच्या मंडळींचं, इंदुताईंचं, डोक्यावरचं खोबरेल थिजून पांढरं झालं. ताटली एवढी मोठी, की तिच्यावर पोतंभर सोयाबीन वाळत घालावं. आणि त्या माळरानाच्या मधोमध बेसनाची एक पाटोडी, तीही अर्धी. बाजूला रश्शाचे चार थेंब, कोणी शिंकल्यासारखे.

काळ्या ॲप्रनमधल्या वेटरनं पहिली ताटली भगवानरावांपुढं ठेवली. त्यांनी रीतीप्रमाणे हात आडवा धरला.

"नको, नको. पोट भरेल हाय."

"ओके सर," वेटर म्हणाला आणि ताटली उचलून चालता झाला.

माझी शपथ अजून घशातच होती!

आता सोयरा जेवल्याबिगर पोरीकडच्यानं घास कसा घ्यायचा? नयन बापाकडे पाहत बसला, सुरभी नयनकडे, आणि मी माझ्या पाटोडीकडे. तिच्यावर दव पडायला लागलं होतं.

मग झुणक्याचा पिझ्झा आला.

"नको," भगवानराव म्हणाले.

"शुअर, सर." पिझ्झाही गेला.

मी उठलो आणि वेटरला भटारखान्याच्या दाराशी गाठलं.

"काहून नेतं रे ताटली?"

"ते नको म्हणाले ना, सर."

"आमच्यात नको म्हणजे वाढ."

"मग खरंच नको असेल तर काय म्हणतात?"

"नकोच म्हणतात. बोटं पाह्य ना, बावा, बोटं!"

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. मॅनेजर गोड हसला. "काका, गेस्टला फोर्स करायचा नाही, अशी आपली पॉलिसी आहे."

तरी तिसऱ्या खेपेला वेटर भला वागला. "घ्या ना सर, प्लीज," म्हणाला. भगवानराव खुलले, बोटं हातभर फाकली, "नको रे बापा..."

"नो प्रॉब्लेम, सर." तेही गेलं.

मी काय करणार? आग्रह करायला हातात डाव लागतो, पुढं पातेलं लागतं. माझ्या हातात काटा होता.

इंदुताईंनी पदर सावरला. "काहो आबाजी, तुमच्याकडं एकडाव विचारून मोकळे होते का लोकं?"

भगवानराव खुर्ची सरकवून उठलेच. "आपण काय जेवाले आलतो? घर पाहाले आलतो. पाह्यलं. चाला."

"बाबा, बसा ना," नयन गयावया करत होता.

"तू जेव. मले इथं कोणी विचारून नाई राह्यलं."

सोयरीक माझ्या डोळ्यांदेखत दाराकडे निघाली होती. तेवढ्यात सुरभी उठली. मला वाटलं, रडायला गेली. ती थेट भटारखान्यात शिरली. आत भांडी आदळली, कोणीतरी ओरडलं, आणि पोरगी बाहेर आली ती सरगुंड्यांची अख्खी कढई घेऊन. गव्हाचे, हातानं वळलेले सरगुंडे; हॉटेलवाल्यांनी त्यांचं नाव पास्ता ठेवलं होतं. दुसऱ्या हातात डाव. मागून मॅनेजर, "मॅडम, हे अलाउड नाही!"

"बसा, काका."

"नको, पोरी." भगवानराव बसले. नयननं आपली ताटली त्यांच्यापुढं सरकवली, तर तिच्यावर लगेच हात आडवा.

सुरभीनं बोटं पाहिली आणि गरम डाव सरळ फटीतून ओतला.

"माह्या गळ्याची शपथ हाय तुम्हाले."

भगवानराव असे ओरडले, की पुसदची बस थांब्याआधीच थांबली. मग त्यांनी बोटं चाटली. "नको म्हणलं ना!" म्हणत दुसऱ्या हातानं ताटली पुढं सरकवली. सुरभीनं वाढलं. "अवो, नको!" सुरभीनं वाढलं. ढीग इतका वर गेला, की पलीकडच्या इंदुताई मला दिसेनाशा झाल्या.

"पोरगी हात पाहून वाढते," ढिगाआडून भगवानरावांचा आवाज आला. "चालते."

"अगं बाई! हो म्हणलं का यायनं?" इंदुताई.

"मी कुठी हो म्हणलं?"

नयननं टेबलाखाली हात जोडलेले मी पाहिले. कढई फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, तेव्हा डाव नुसतं बूड खरवडत होता.

वारं फिरलेलं पाहून मॅनेजर छापील कार्ड घेऊन धावत आला. "साखरपुडा इथंच करा ना, काका."

भगवानरावांनी ढेकर दिला. "काय म्हणता, सोयरे? इथंच करू का?"

"नको," मी म्हणालो आणि हात टेबलावर आडवा ठेवला.

मॅनेजरनं खुशीत खिशातून पेन काढलं. वेटर मात्र वाकला, माझी बोटं नीट निरखली आणि मॅनेजरच्या कानाशी लागला.

"सर, पेन रख दो. ये पक्का नको है."