मधला घेऊन जा

"आजोबा खोटं सांगतायत," केल्सी म्हणाली आणि सातवीचा वर्ग फिसकन हसला.

"केल्सी, खाली बस," व्हर्ना पिकेटबाई म्हणाल्या.

"पण बाई, तुम्हीच सांगितलंत ना, माणूस बोलतो ते कागदाशी ताडून बघा म्हणून!"

सांगितलं होतं खरं. ओक्लाहोमातल्या त्या गावात बाई अठ्ठावीस वर्षं महामंदी शिकवत होत्या, तेव्हाच्या माणसांनी लिहिलेले कागद मुलांच्या हातात देऊन. गरिबांसाठीच्या सरकारी मदत कचेरीला आलेल्या जुन्या पत्रांच्या छायाप्रती त्यांनी कोर्टातून आणल्या होत्या. तिथल्या कारकुनाने सगळ्या नावांवर काळी शाई फिरवून दिली होती. आज तर वृद्धाश्रमातून डेल्मर स्ट्राउड आजोबा आपली गोष्ट सांगायला खास आले होते.

मंदीतल्या धुळीच्या वादळांच्या वर्षी, आपण आठ वर्षांचे असताना, मदत कचेरीची माणसं आपल्याला जबरदस्तीने अनाथाश्रमात घेऊन गेली, असं ते आयुष्यभर सांगत आले होते. "माझी आई गाडीमागे धावली, पोरांनो. अनवाणी. पार फाटकापर्यंत." बोलताना त्यांचा डावा हात वर गेला होता. त्याची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली होती.

केल्सी तिच्या वाट्याला आलेलं पत्र मोठ्याने वाचू लागली. "‘मधला घेऊन जा. डाव्या हाताची दोन बोटं भाजून चिकटलीत, पण कामाला चांगला आहे. दोघांपेक्षा जास्त खातो. मी बोलावलं असं त्याला सांगू नका. तुम्ही निघालात की मी गाडीमागे धावेन.’"

"च्यायला, नाटक!" मागून कुणीतरी ओरडलं.

"खादाड होता म्हणून काढला!"

बाईंनी कागद हिसकावून घेतला. हे पत्र त्यांनीच निवडलं होतं. छोटं होतं, अक्षर सुटं होतं. डेल्मर यांच्या हाताकडे त्यांचं आजवर लक्षच गेलं नव्हतं.

"बघू इकडे," डेल्मर म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अक्षर तिचंच आहे. पोरीने बरोबर ओळखलं."

केल्सीचा चेहरा फुलला. "म्हणजे मला पूर्ण गुण ना, बाई?"

जेवणाची घंटा झाली. मुलं ढकलाढकली करत बाहेर पळाली.

"स्ट्राउडकाका, मला कल्पना असती तर... हे पत्र तुम्ही घेऊन जा," बाई म्हणाल्या.

"नको. तुमच्या दुपारच्या वर्गाला लागेल."

त्यांनी कागद बाकीच्या पत्रांवर ठेवला. चिकटलेल्या बोटांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या आणि टोपी घातली.