डावीकडची पात

तीन नंबरच्या टेबलावरच्या माणसानं पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या काठावर मांडले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शालूबाईनं ते मोजले. अकरा. काल नऊ होते. विहंग त्याचं नाव. मेहकरचाच, पण पुण्याच्या कंपनीचं काम इथं बसून करायचा. कानात बोंडं घालून दिवसभर लॅपटॉप बडवण्याची ताकद होती त्याच्यात, शेंगदाणा तेवढा चावत नव्हता. थोरली जाऊ तानाबाई असती तर म्हणाली असती, "दात किडले असतीन मुडद्याचे." मग शालूबाई म्हणाली असती, "तुमचे तरी कुठी धड आहेत, बाई?" आणि तिथून पुढं जेवणवेळेपर्यंत भांडायची सोय झाली असती.

शालूबाईनं कढईत उलथणं फिरवलं.

"निशा, मीठ पाह्य वो."

सून निशिगंधा हात पुसत आली, तळव्यावर चिमूटभर पोहे घेऊन चाखले.

"बरोबर आहे, आत्या. रोज काऊन विचारता?"

"जिभेले कळत नाई चैत्रापासून."

गॅसची टाकी संपली म्हणावं, तसंच तिनं हे सांगितलं. निशिगंधानंही तसंच ऐकलं आणि दोन बश्या भरून नेल्या.

मेहकरच्या अलीकडं, तलावाखालच्या पाझराच्या जमिनीत, लोखंडी खांबांवर ही गॅलरी उभी होती. चाळीस वर्षं या रानात पराटी, म्हणजे कपाशी, लावली जायची आणि दर दोन वर्षांनी पाणी साचून पिवळी पडायची. मग शालूबाईचा मुलगा गजेंद्र पुण्याच्या हॉटेलातली नोकरी सोडून आला. भंडाऱ्याकडून धानाचं बी आणलं, दोरी लावून सरळ रेघांत रोवणी केली आणि वर कॅफे टाकला. ज्या जिल्ह्यात कपाशी न् सोयाबीनशिवाय काही दिसत नाही, तिथं लोक उंट पाहावा तसं धान पाहायला येऊ लागले. सुरुवातीला सकाळी सातपासून मोटारी लागायच्या. धानाकडं बघत माणसं पोहे खायची आणि "किती शांत वाटतं ना," असं एकमेकांना मोठ्यानं सांगायची.

गॅलरीच्या पायथ्याशी सिमेंटचा बाक होता. त्यावर रोज सकाळी उजव्या टोकाला महादेवराव बसायचे. गजेंद्रचे मोठेबाबा, शालूबाईचे भासरे, म्हणजे थोरले दीर. चैत्रात त्यांची बायको तानाबाई गेली. तेव्हापासून येणारा-जाणारा त्यांच्यापाशी दोन मिनिटं थांबायचा, "वाईट झालं," म्हणायचा. ज्यानं तानाबाईला कधी पाहिलं नव्हतं, असं गिऱ्हाईकही म्हणून जायचं.

शालूबाईच्या डोक्यात याचाही हिशेब होता. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा तिच्यासमोर तेरा दिवस माणूस खळला नव्हता. तानाबाईच्या वेळी तीच माणसं आली. ती महादेवरावांजवळ बसली, तानाबाईच्या पोरींना कुशीत घेऊन रडली आणि शालूबाईला म्हणाली, "चहा ठेवता का दोन कप?" जाऊ मेल्याचं दुःख जावेला होतं, असं कोणाच्या गणतीत नव्हतं. एक आतेसासू तर बोलूनही गेली, "तुमचं तं तसंही पटत नव्हतं."

ते खरंच होतं. चाळीस वर्षं पटलं नव्हतं. सकाळी चुलीवरून, दुपारी रानात, संध्याकाळी दळणावरून. एक दिवस खाडा नाही. शालूबाईनं तेव्हा चहा ठेवला. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. मग तिनं वाट पाहायचंही सोडलं.

"आई," गजेंद्र आत आला. "उद्या शैलजा मॅडम येऊन राह्यल्या. पुण्याच्या त्या टूरवाल्या. शेगाव करून लोणारले जाणाऱ्या बसा आहेत त्यायच्या. मॅडमले जागा पसंत पडली तं दर रविवारी एक बस नाष्ट्याले आपल्याकडं. नाई पडली तं..." त्यानं गॅलरीकडं पाहिलं. सहा टेबलांपैकी दोन भरलेली होती. "दिवाळीपर्यंत कसंबसं रेटता येईन."

"मंग?"

"जवळच्या बांधीत गवत झालं. वरून समोर तेच दिसते. अन् बाया भेटून नाई राह्यल्या, सगळ्या मूग तोडाले गेल्या."

"निंदून टाकीन मी. उजाडता."

"तुले गवत कोणतं न् धान कोणतं..."

"चाळीस वर्षं निंदण केलं," शालूबाई म्हणाली. कशाचं, ते गजेंद्रनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी तांबडं फुटायला शालूबाई बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, उतरली. आठ दिवस पावसानं दडी मारली होती. पाणी आटून चिखल नुसता मऊ राहिला होता. तिनं पदर खोचला, उकिडवी बसली आणि पात धरली. निंदायला बसलेल्या बाईच्या वाट्याला जी पट्टी येते, ती तिची पात. हात चालू झाला. बारीक पानाचं ते उपटायचं, रुंद पानाचं ते ठेवायचं. हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. उपटलेलं डावीकडं-उजवीकडं ढिगाला टाकायचं, मोकळ्या झालेल्या रोपाला मातीची भर द्यायची, पुढं सरकायचं.

डोक्यात काही नव्हतं. तलावावर बगळे उतरले, तेही तिनं पाहिले आणि सोडून दिले. वर निशिगंधानं खुर्च्या लावल्याचा आवाज आला.

हातभर पुढं गेली की ती थांबायची, डावीकडं सरकायची आणि तिथलं हातभर ओढून आणायची. पात मागं ठेवून पुढं जायचं नाही, असा बायांचा कायदा. शेवटची दोन वर्षं तानाबाईचे गुडघे धरले होते. ती डाव्या अंगाला बसायची आणि मागं पडायची. मग शालूबाई आपलं हातभर सोडून तिचं हातभर काढायची, वर तोंडानं चालू, "बसल्या बसल्या पगार पाह्यजे तुमाले." तानाबाई म्हणायची, "तुह्या पगाराचं काय लोणचं घालू, शाले?" आज तोंड बंद होतं. हात मात्र जुन्या वहिवाटीनं दोन्हीकडं फिरत होता.

साडेआठला विहंग कॉफी घेऊन कठड्याशी आला. खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"गजूदादा, ती डिझाइन काढून राह्यले का तुम्ही?"

गजेंद्र कठड्याशी आला आणि तिथूनच ओरडला.

"आई! आई वो! काय केलं हे!"

वरून सगळं नीट दिसत होतं. हिरव्यागार बांधीत, बांधापासून निघून मधोमध जाणाऱ्या दोन काळ्या पट्ट्या. एकमेकींना लागून, एकाच जागी थांबलेल्या. त्यांत धानाचं नखभर पान उरलेलं नव्हतं. गेल्या सालच्या बोंडांतून सांडलेल्या सरकीच्या चार पराट्या तेवढ्या उभ्या होत्या, बुडाशी मातीची भर देऊन, कौतुकानं राखलेल्या.

तो धावत खाली आला. मागं निशिगंधा, तिच्या मागं कॉफीचा कप हातातच घेऊन विहंग.

"धान उपटलं तू! सगळं धान!"

शालूबाईनं हातातली मूठ पाहिली, मग ढिगाकडं पाहिलं.

"गवत होतं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "गवतावानी होतं."

गजेंद्रनं कपाळाला हात लावला. त्याला ओरडायचं होतं, पण समोरच्या चेहऱ्यामागं ओरडा ऐकून घ्यायलाही कोणी नव्हतं. निशिगंधानं तोवर ढिगातलं एक रोप उचलून मुळं चाचपली.

"जीव आहे यायच्यात. आता उपटलं न आता लावलं तं धरतीन. नांग्या भरू. मॅडम किती वाजता येऊन राह्यल्या?"

"दहाले."

"मंग तोंड काय पाह्यता? वाका."

नांग्या भरणं म्हणजे पिकात पडलेल्या रिकाम्या जागा पुन्हा लावणं. कपाशीवाल्याला हे सांगावं लागत नाही. दोघं वाकले. विहंगनं कप बांधावर ठेवला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेंगदाणा न चावणारा तो माणूस चिखलात उतरून मुकाट्यानं रोपं पुरवू लागला. उजवी पट्टी हिरवी व्हायला पाऊण तास गेला.

मग गजेंद्र डावीकडं वळला. तिथं शालूबाई बसली होती. पट्टीच्या काठाला, हात गुडघ्यांवर.

"ऊठ, आई. इतकी भरली का झालं."

ती उठली नाही.

"आई, अर्धा घंटा राह्यला."

निशिगंधा एकदा भरलेल्या पट्टीकडं पाहत होती, एकदा मोकळ्या.

"आत्या," ती हळू म्हणाली, "एकट्या होत्या तुम्ही. दोन पाती काऊन धरल्या?"

शालूबाईनं डावीकडं पाहिलं.

बांधावर कोणी खाकरलं. महादेवराव बाकावरून उठून काठी टेकत आले होते. भासऱ्याची चाहूल लागताच शालूबाईनं सवयीनं पदर डोक्यावर ओढला. या घरात धाकटी सून भासऱ्याशी बोलत नाही. भासराही तिच्याशी बोलत नाही. चाळीस वर्षं महादेवराव जे काही बोलले ते तानाबाईकडं तोंड करून बोलले, शालूबाईनं उत्तरं तानाबाईला दिली. तानाबाई मधे बसून दोन्हीकडचं ऐकायची आणि पोचवायची काहीच नाही. तिघांनाही ऐकू येतच असायचं. चैत्रापासून मात्र दोघांमध्ये एका शब्दाची देवघेव झालेली नव्हती. मधलं माणूसच नव्हतं.

महादेवरावांनी शालूबाईकडं पाहिलं नाही. त्यांनी मोकळ्या पट्टीकडं पाहिलं, तिथल्या काळ्या मातीकडं, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर.

"गजूच्या मायले सांग," ते म्हणाले, "ऊन चढलं. ऊठ म्हण आता."

गजेंद्रनं ते पाहत होते तिकडं वळून पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. विहंगच्या हातातली रोपं हातातच राहिली.

शालूबाईनं मान डावीकडं वळवली.

"त्याह्यले सांगा," ती म्हणाली, "पात राह्यली आहे, बाई."

काठीचं टोक चिखलात थोडं रुतलं, ते महादेवरावांनी काढलं.

"तिले म्हण, राह्यली तं राहू दे."

आणि ते बाकाकडं परत निघाले. शालूबाईनं हातावर हात घासून चिखल खरवडला, गुडघ्यावर जोर दिला आणि उठली. गजेंद्रच्या हातात रोपांची पेंडी होती. ती त्यानं पट्टीत नेली नाही. पाटाच्या ओलीत नीट आडवी ठेवली आणि पाय धुवायला गेला.

शैलजा मॅडम दहाला पाच कमी असतानाच आल्या. गॅलरीतल्या मधल्या टेबलावर बसल्या, तलाव पाहिला, धान पाहिलं, चार फोटो काढले. पाचव्याला थांबल्या.

"सगळं छान आहे हो. पण मधली ती पट्टी रिकामी का ठेवली? फोटोत खुपते."

"माझ्या मोठ्याआईची पात आहे ती," गजेंद्र म्हणाला.

"मग भरून घ्या ना त्यांच्याकडून."

"त्या नाहीत."

मॅडमनी पेन वहीवर टेकवलं. "बसमधली माणसं विचारतील."

"विचारू द्या," गजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. तो त्यानं खाली आणला. "सांगीन मी."

खिडकीतून शालूबाई पाहत होती. पुण्याच्या बाईनं मधे दोनदा पाणी पिऊन पोहे खाल्ले, शेंगदाण्यांसकट. बशी चमच्यानं खरवडली. मग म्हणाली, अजून अर्धी बशी मिळेल का, आणि खुर्ची फिरवून धानाकडं तोंड करून बसली. नाही म्हणायला आलेलं माणूस खुर्ची फिरवत नाही, अशी शालूबाईनं मनातल्या मनात नोंद केली.

अर्धी बशी वाढून झाल्यावर कढईत थोडे पोहे उरले. तिनं चिमूटभर तोंडात टाकले आणि चावता चावता थांबली. जिभेला मीठ कळलं होतं. पुन्हा थोडे घेतले. पदर डोळ्यांकडं नेता नेता तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"काय झालं, आत्या?" निशिगंधानं विचारलं. "घाईत मीठ चाखाचं राह्यलं आज."

शालूबाईनं मान हलवली. उरलेले पोहे बशीत काढले, वर शेंगदाणे वेचून ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून बाकापाशी गेली. महादेवराव उजव्या टोकाला बसले होते. बशी तिनं बाकाच्या मधोमध ठेवली आणि डाव्या, रिकाम्या टोकाकडं पाहून म्हणाली,

"त्याह्यले सांगा, पोहे खारट झाले आज. पाणी घेऊन बसा म्हणा."

महादेवरावांनी बशी ओढली. एक घास खाल्ला, सावकाश चावला. मग तेही डावीकडंच पाहून म्हणाले,

"तिले सांग, हाव. लय खारट आहेत."