साहेब येईपर्यंत साठलेलं पाणी

मानपाड्यात आमच्या बंगल्यासमोर पप्पांनी कारंजं बांधलं. चार सिमेंटचे हंस आणि मधे आमचे आजोबा. जन्मभर मिठागरात पाणी आटवलं बिचाऱ्यांनी, आता त्यांच्याच डोक्यावरच्या टोपलीतून पाणी उडणार होतं. उडणार म्हणजे, साहेबांनी रिबीन कापल्यावर. आमच्याकडे साहेब आल्याशिवाय नळसुद्धा नळ होत नाही. साहेब गणपतीआधी येणार होते, मग गणपतीत, मग दसऱ्याला. पाणी मात्र वेळेवर आलेलं. हौद भरला, लाल रिबीन बांधली आणि गल्लीत डेंग्यू सुरू झाला.

मी साथीच्या रोगांवर काम करायला निघालेली. पप्पा, म्हणजे भिवाशेठ, लोकांना सांगायचे, "आमची दिशा मच्छरांची डॉक्टर व्हनार." परदेशातल्या कोर्सच्या स्कॉलरशिपसाठी शेवटचा इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता. घराजवळची डासांची एक जागा दाखवायची आणि तिथे काय करणार ते सांगायचं.

पप्पांना त्यातलं 'परदेश' तेवढं ऐकू आलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळीच मांडव, खुर्च्या, बेंजो पार्टी. सगळे काका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत.

मी हौदात वाकून बघितलं. अळ्या हळदीतल्या पाहुण्यांसारख्या नाचत होत्या.

"कुंडी दाखव ना," पप्पा म्हणाले. "मनीप्लांटच्या ताटलीत पन असतीलच. कमी पडल्या तर सांग, भरून आनतो."

"पप्पा, हौद रिकामा करायचाय."

"येरी झालीस काय? साहेबांची रिबीन हाय ती! हात लावलास ना, तर फॉरेन इसर. पासपोर्ट माझ्या कपाटात हाय."

शेजारची ठमाकाकी कुंपणावरून ऐकत होती. तिची सून अजून हॉस्पिटलात. ती म्हणाली, "भिवा, साहेबाला फोन लाव नि इचार, माझ्या सुनेचा ताप उतरवाला कवाची तारीख दिलीय त्याने?"

पप्पांनी मनीप्लांटची कुंडी उचलली. तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर चष्म्यातल्या एक मॅडम. कुठली जागा दाखवताय, त्यांनी इंग्रजीत विचारलं. शेजारी पप्पा कुंडी आरतीच्या ताटासारखी धरून उभे. कुंडी दाखवली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

मी कॅमेरा हंसांकडे फिरवला. "ही जागा. माझ्या वडिलांची आहे."

फोन हंसाच्या मानेला टेकवला, रिबिनीशेजारी तबकात तयार ठेवलेली साहेबांची कात्री उचलली आणि रिबीन कापली.

पुढचं सवयीने झालं. रिबीन तुटलेली दिसली, बेंजोवाल्यांनी वाजवायला घेतलं. एका काकांनी नारळ फोडला, दुसऱ्यांनी मोटर चालू केली. आजोबांच्या टोपलीतून दोन महिन्यांचं पाणी उडालं आणि सगळ्या इस्त्रीवर पडलं. पप्पांच्या मिशीत एक अळी वळवळत होती.

"ही तुमच्याकडची प्रथा आहे का?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. असंच साठवतो आम्ही."

मोटर बंद करायला लावून मी हौदात उतरले. बूच घट्ट बसलेलं.

"बाहेर ये!" पप्पा ओरडले. "पासपोर्ट जाळून टाकीन!"

"जाळा! दुसरा काढेन. हे पाणी आज जाणार म्हणजे जाणार."

ठमाकाकी लुगडं खोचून पहार घेऊन आली. "सरक गो पोरी." दोघींनी जोर लावला आणि बूच निघालं. पाणी गुळगुळ करत गटारात निघालं.

तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. ते सावधानमध्ये उभे राहिले. "हो साहेब... आज? आता?" मग माझ्याकडे वळून, अगदी रडवेले, "दिशा, बूच लाव गो! साहेब निघालेत!"

मी बूच रस्त्यापलीकडच्या झुडपात भिरकावलं. स्क्रीनवर मॅडम डोळे मोठे करून बघत होत्या.

"येऊ द्या की," मी म्हटलं. "डासांची अंडी भिंतीला चिकटलेली असतात. घासायला एक माणूस कमीच आहे."

ठमाकाकीने तोवर काथ्याचा ब्रश आणून हंसाच्या पाठीवर ठेवला होता.