विमानाची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. साठ मिनिटांची, दोन बाजूंची. माझ्या पोटातली तपकिरी फीत आता जागोजागी चुरगळली आहे. तरी मी कोण होते, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मला लिंबाजींनी परभणीच्या बाजारातून आणलं. लिंबाजी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, पण गावोगावी त्यांना ओळखत ते डफामुळे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून सभा भरत, तिथे ते स्वतः रचलेलं गाणं म्हणत. त्यांची मुलगी कुसुमबाई सेलूच्याच शाळेत गणित शिकवत. एका दुपारी त्यांनी टेपरेकॉर्डर बापापुढे ठेवला.

"बाबा, एकदा सगळं म्हणा. पहिल्यापासून."

लिंबाजींनी घसा साफ केला आणि ते गाणं माझ्या एका बाजूवर उतरलं. पुढच्या उन्हाळ्यात लिंबाजी गेले. मी कपाटात लुगड्यांच्या घडीत राहू लागले.

मग शाळेत कॉम्प्युटर आला. त्याच्यापुढे नारळ फुटला, त्याला हळदकुंकू लागलं आणि लगेच त्याच्यावर टेबलक्लॉथ पडला. कुणी हात लावेना. कुसुमबाईंनी मात्र पुस्तक वाचून वाचून त्याची भाषा शिकून घेतली. कॉम्प्युटर मोठा विसरभोळा होता. लाईट गेली की शिकवलेलं सगळं पुसून जाई. म्हणून ते कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे. शाळेच्या टेपरेकॉर्डरने स्वस्तातली कॅसेट चावून टाकली, तेव्हा कुसुमबाईंनी घरून मला आणलं. माझी एक बाजू कोरी होतीच.

पोरांना कोन शिकवायचे तर विमान बरं, असं त्यांच्या मनात होतं. पहिलं विमान अगदीच गरीब होतं. काळ्या पडद्यावर क्षितिजाची एक आडवी रेघ आणि खाली वेगाचे नि उंचीचे आकडे. ते चालवून बघायला बसल्या कमलबाई. त्या भूगोल शिकवत. ताडकळसच्या मोठ्या शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ.

"बाई, उजवीकडं वळवलं की हे डावीकडं जायलंय."

कुसुमबाईंनी ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार.

"आता वळायलंय बरोबर, पण वर चढताना वेग वाढायलाय. चढावर बैलगाडी कधी पळती का?"

कुसुमबाई हसल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो जमला की आधीच्या विमानाच्या मागे माझ्यावर उतरवायचा. नवं बिघडलं तरी जुनं शाबूत राही. अशी एकामागे एक विमानं माझ्या फितीवर रांगेत उभी राहिली. टेपरेकॉर्डरवर लावलं तर नुसता कर्कश आवाज येई, पण कॉम्प्युटरला त्यातून सगळं कळे.

"खाली सगळा अंधार. आपण हाय तरी कुठं?" कमलबाईंनी एकदा विचारलं. म्हणून सेलूचा ठिपका आला, परभणीकडे जाणारा रेल्वेचा रूळ आला. मग दुधना आली, तर कमलबाई नकाशा घेऊन भांडायला उभ्या. "दुधना अशी रुळावानी सरळ वाहती का?" नदीला वळणं दिली. जिंतूरचे डोंगर बसवायला कॉम्प्युटरच्या डोक्यात जागा पुरेना, तेव्हा दोघींनी विचार करून आधी घातलेले ढग काढून टाकले. मुख्याध्यापक बन्सीधर सर तपासायला आले आणि दर वेळी त्याच डोंगरावर आपटले.

"मी हेडमास्तर हाय, पायलट न्हाई," असं म्हणून ते उठून गेले. त्या दिवशी दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

एकच खोड जात नव्हती. विमान सगळीकडे उडे, पण उतरत नसे. उंची संपली की चित्र जागच्या जागी थिजे. कुसुमबाई किती दिवस त्यापायी हैराण होत्या. शेवटी एका दुपारी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अवो बाई, मी उंचीनं भागायलेय! खाली टेकलं की उंची शून्य. वर्गात शून्यानं भागलं की मीच पोरांवर ओरडते."

त्यांनी ती ओळ बदलली. कमलबाईंनी विमान उडवलं, दुधनेवरून वळवलं आणि हळूहळू खाली आणलं. आकडा शून्यावर आला. चित्र थिजलं नाही. विमान सेलूच्या ठिपक्यापाशी उभं राहिलं. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

तेवढ्यात घंटा झाली आणि कुसुमबाई वर्गावर गेल्या. इकडे लाईट कमीजास्त होऊ लागली. पडद्यावरचं चित्र आक्रसायला लागलं. आता लाईट गेली तर उतरणारं विमान कायमचं जाणार! कमलबाईंनी घाईने मला टेपमध्ये सरकवून बटन दाबलं. पण माझी विमानांची बाजू भरत आली होती. फीत संपली, बटन उडालं. त्यांनी मला उलटं केलं आणि पुन्हा दाबलं.

माझ्या एका बाजूवर 'विमान' लिहिलेलं होतं. दुसऱ्या बाजूवर काहीच नव्हतं. त्या वर्षांत स्टाफरूममध्ये नामांतराचा विषय निघाला की कुणी पेपर वर धरी, कुणी चष्मा पुसू लागे. चळवळीपायी माणसांची घरं जळाली होती. म्हणून कुसुमबाईंनी तिथे बापाचं नाव लिहिलं नव्हतं.

विमान वाचलं. त्याच्याखाली लिंबाजींची पहिली दोन कडवी पुसली गेली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

कुसुमबाई परतल्या, त्यांनी मला लावून पाहिलं. आधी कर्कश आवाज, मग अर्ध्या शब्दातून लिंबाजींचा आवाज सुरू झाला. कमलबाई पांढऱ्या पडल्या.

"बाई, मला वाटलं कोरी हाय. तुमी सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगू? कशाचं गाणं हाय ते कळलं असतं, तर तुमी ही कॅसेट हातात तरी घेतली असती का?"

त्या दिवसापासून विमान बंद झालं. कॉम्प्युटर नादुरुस्त होऊन अडगळीच्या खोलीत गेला, त्याच्यावर धूळ बसली. मी परत लुगड्यांत गेले. दोघी एकाच शाळेत होत्या, पण कामापुरतं बोलत. वर्षं गेली.

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाच्या नावाला जोडलं गेलं. वस्तीत निळे झेंडे लागले. कुसुमबाईंची आई सरजाबाई म्हणाली, "तुझ्या बापाचं गाणं लाव." कुसुमबाईंनी कपाट उघडलं, पण मला नुसतं हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी आईला सगळं सांगितलं.

"पुसलं तर पुसलं. मला पाठ हाय," सरजाबाई म्हणाली.

तेवढ्यात दारात कमलबाई उभ्या दिसल्या. हातात टेपरेकॉर्डर आणि नवी कॅसेट.

"कुसुमबाई, तुमी इचारलं होतं, हातात घेतली असती का म्हणून. खरं सांगते, तवा न्हाई घेतली असती. आज मागायला आले. मावशींना येत असलं तर उतरवून घ्यायचं का?"

कुसुमबाईंनी आईकडे पाहिलं.

"ये आत," सरजाबाई म्हणाली. "पर मी एकदाच म्हणीन. चूक केलीस तर बघ."

तिने पहिली दोन कडवी म्हटली. शेजारच्या मालनबाईने टाळ्यांचा ठेका धरला. दुसरं कडवं संपलं, तशी कुसुमबाईंनी घरातल्या टेपरेकॉर्डरवर मला सुरू केलं आणि लिंबाजी तिथून पुढे गाऊ लागले. नव्या कॅसेटवर नवराबायकोने मिळून गाणं पुरं केलं. कमलबाईंनी बटन बंद केलं. कुसुमबाईंनी ती कॅसेट घेतली, तिच्या पाठीवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या बारक्या पट्ट्या मोडल्या आणि मग माझ्याही मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही उतरवता येत नाही.

मित्रांनो, माझ्यातली विमानं उडवेल असं यंत्र आता कुठे उरलेलं नाही. त्याचं मला फार दुःख नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल, वर काहीच लिहिलेलं नसेल. ती कोरी आहे असं समजू नका. आधी लावून ऐका, दोन्ही बाजू ऐका. आणि कुणाचा आवाज आहे ते वर ठळक अक्षरांत लिहा. लिहायला भिऊ नका.