न उघडलेला दरवाजा

रविवारी दुपारी चारच्या सुमारास, नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात, मी उघडलो नाही. झाले ते एवढेच.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका गावच्या हायस्कूलमध्ये, रंगमंचावर उभा असतो. मला घर नाही, कुलूप नाही. एक चौकट, एक फळी आणि खाली चार चाके. इथल्याच सुतारकामाच्या वर्गातल्या मुलांनी मला घडवले. पहिल्या वर्षी नाटक बसवणाऱ्या व्हेलान बाई येता-जाता माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "हा आपला सर्वांत भरवशाचा नट." पुढे मी दवाखान्याचा झालो, तुरुंगाचा झालो, राजवाड्याचाही झालो. दर नाटकाला नवा रंग, जुना न खरवडताच. आता अंगावर इतके थर चढले आहेत की चौकटीत मावताना जीव जातो. बिजागऱ्यांना तेल कधी मिळाले ते आठवत नाही. खरे सांगायचे तर मी थकलो आहे. उघडायचे, मिटायचे, आणि पलीकडे खरे काहीच नसायचे.

यंदाचे नाटक एका मुलीच्या मोठे होण्याचे. शेवटी ती माझी मूठ फिरवते आणि आईबापांचे घर सोडून जाते. हे काम अ‍ॅनिका थोर्सन करत होती. शाळेतले तिचे हे शेवटचे वर्ष. तिला शिकागोला नाटक शिकायला जायचे आहे. वडील गॉर्डन यांचा गाईंचा गोठा आहे. "मग गोठा कोण बघणार?" या प्रश्नावर बापलेकीचे बोलणे थांबले होते. त्यांनी तिचे एकही नाटक पाहिले नव्हते. रविवारी ते आले.

"आलाय गं तुझा बाप," मंचामागची सगळी व्यवस्था पाहणारी जोलीन विंगेत कुजबुजली. "तिसऱ्या रांगेत. मांडीवर कोट घेऊन असा बसलाय, जसा काही दात उपटून घ्यायला आलाय."

"गप गं. माझे पाय कापतायत."

"कापू देत. आपल्यात तर मोडायचेच असतात!"

नाटकापूर्वी यश चिंतणे इथे अपशकुनी मानतात, म्हणून उलटे बोलतात. 'पाय मोडो' म्हणतात.

मंचावर कोणती वस्तू कुठे ठेवायची, त्याची खूण जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने करतात. नाटक संपले की ती उपटायची, असा नियम आहे. मागच्या नाटकानंतर सगळे पिझ्झा खायला पळाले आणि माझी निळी पट्टी तशीच राहिली. या वेळी हिरवी संपली, म्हणून जोलीनने नवी खूणही निळीच केली. शेवटच्या प्रवेशाआधी अंधारात मला ढकलत आणणाऱ्या मुलांनी जुन्या निळ्यावर उभे केले आणि चाके अडकवली. माझ्या पाठीला मागच्या प्रवेशातला लाकडी जिना लागला.

अ‍ॅनिकाने मूठ फिरवून ढकलले. मी जिन्यावर आपटलो. तिने पुन्हा ढकलले. प्रेक्षकांत कोणीतरी फिसकन हसले. मला वळसा घालून जाता आले असते; पण तिथे भिंत आहे, असे सगळ्यांनी नाटकभर मानले होते. नाटकातली माणसे भिंतीतून जात नाहीत.

"उघडत नाहीये गं तो," विंगेतून जोलीनचा रडवेला आवाज आला.

अ‍ॅनिकाने मूठ सोडली. ती वळली, मंचाच्या पायऱ्या उतरली आणि पातळ फ्रॉकवरच खुर्च्यांमधल्या वाटेने चालू लागली. तिसऱ्या रांगेपाशी ती थांबली नाही. सभागृहाचे मागचे दार, खरे दार, उघडले आणि थंडीचा झोत माझ्यापर्यंत आला.

"अ‍ॅनी!" गॉर्डन उठून उभे राहिले. "अगं वेडे, बाहेर उणे वीस आहे! जायचं तर जा, पण कोट घालून जा!"

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. गॉर्डन कोट घेऊन तिच्यामागे धावले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. एक काम संपले की त्याच्या खुणा पुसा, मगच पिझ्झा खायला जा. अधूनमधून थेंबभर तेल घाला. न उघडणाऱ्या दरवाजाला सगळे नावे ठेवतात. त्याला कुठे नेऊन उभे केले, ते कोणी पाहत नाही.

पडदा पडला. बाकीच्या नटांनी अ‍ॅनिकाशिवायच वाकून निरोप घेतला. जोलीन जमिनीवर बसून नखांनी पट्ट्या उपटते आहे. व्हेलान बाई आत्ताच बाहेर डोकावून आल्या. थोर्सनांचा ट्रक अजून शाळेच्या आवारातच उभा आहे, म्हणाल्या. इंजिन चालू आहे, काचांवर वाफ धरली आहे, आत दोघे बसले आहेत. गाईंची धार काढायची वेळ टळून गेली आहे.