कुंकू लागलेले स्क्रू

मला राग लवकर येतो, हे माझी सासू प्रयागबाई अख्ख्या कारंजा गावात सांगत फिरते. का येतो, ते मात्र कुणी विचारत नाही.

आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, वीरेंद्रभाऊजींचं नाव आहे. पुढे गिऱ्हाइकाशी गोड बोलायला ते आणि मागे पडद्याआड सोल्डरिंग करायला मी. घरची सून दुकानात बसलेली बरी दिसत नाही म्हणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रसेनजित गेमचं यंत्र घेऊन आला. स्टँडजवळ त्याचं गेम पार्लर आहे. यात मोडचिप, म्हणजे कुठलीही गेम चालवू देणारी चिप, बसून नीट चाललं तर बाकीची पाचही तुमच्याकडे, नाहीतर सगळी अकोल्याला, असं बजावून गेला. केसाएवढ्या तारा जोडून मी चिप बसवली. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून कागदावर यंत्राचं चित्र काढून ज्याचा तो जागच्या जागी ठेवला.

दसऱ्याला मी पुरणाच्या रगाड्यात असताना भाऊजींनी दुकानात हत्यारांची पूजा मांडली. जागा हवी म्हणून माझा कागद झटकला, सगळे स्क्रू एका वाटीत घातले, वर ओलं हळदकुंकू वाहिलं. मग हाताला येतील तसे स्वतःच पिळले. आखूड भोकात लांब स्क्रू गेला. कुंकू भरलेल्या डोक्यांवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे नंतर मला दिसले, तरी यांचा जोर काही कमी झाला नव्हता. प्लास्टिकच्या भोकातल्या आट्यांचा भुगा झाला. उष्णता ओढणारी पट्टी बोर्डावर दाबलीच गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी प्रसेनजितसमोर यंत्र दहा मिनिटांत तापून बंद पडलं.

"घरच्या बाईनं हात लावला ना," भाऊजी त्याला म्हणाले, "म्हणून बिघडलं."

पडद्याआड माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम माझं, तेव्हा नाव यांचं. बिघाड यांचा, तेव्हा नाव माझं.

प्रसेनजितनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. मी भोक साफ केलं, दगडासारखा घट्ट होणारा एपॉक्सी गोंद कालवून आत भरला. योग्य स्क्रूला समईतलं तेल चोपडलं, म्हणजे तो चिकटून बसू नये, आणि हलक्या हातानं त्या ओल्या गोंदात उभा केला. सकाळी काढला, तर भोकात कोरे आटे पडलेले. बाकीच्या स्क्रूंचं कुंकू जुन्या ब्रशनं घासताना तोंडानं काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी प्रसेनजितसमोर यंत्र तासभर चाललं. भाऊजी छाती काढून म्हणाले, "शेवटी मलेच दुरुस्तीले बसा लागलं."

मी पडदा सारून बाहेर आले. यंत्र बंद केलं, सहाही स्क्रू काढले आणि त्याच पूजेच्या वाटीत टाकले.

"भाऊजी, तुमीच केलं ना? मंग लावून दाखवा. कोणता कोठी जाते?"

माझ्या भासऱ्यांशी मी असं आजवर कधी बोलले नव्हते. ते वाटीत बोट फिरवत राहिले. एकही स्क्रू उचलला नाही. प्रसेनजितनं वाटी माझ्याकडे सरकवली.

"साधनाताई, तुमीच लावा."

चार दिवसांनी तो बाकीची पाच यंत्रं घेऊन आला आणि दारातूनच, ताई आहेत का, असं विचारलं. भाऊजींनी मान वर न करता मागे बोट दाखवलं. पडदा तिथे नव्हताच. त्याची फडकी करून मी बोर्ड पुसायला घेतली होती.